मदरबोर्ड बदलण्याआधी एक रॅम काढून बघा

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"सर, नमस्कार. मी मिरजेत घरून डीटीपीची कामं घेते. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका. असेंबल केलेला डेस्कटॉप आहे, साडेचार वर्षांचा, विंडोज १०. मार्चपासून तो मधेच निळा पडदा दाखवून रीस्टार्ट होतो. कधी चार दिवस काही नाही, कधी एकाच दुपारी तीनदा. दर वेळी संदेश वेगळा. इथल्या टेक्निशियनने दोनदा फॉरमॅट मारलं, पाचशे-पाचशे घेतले. आठवडाभर बरं चाललं, मग परत तेच. आता तो म्हणतो मदरबोर्ड गेला, प्रोसेसरसकट पंधरा हजार लागतील. मागच्या आठवड्यात एका पत्रिकेची पीडीएफ प्रेसवाल्याकडे उघडलीच नाही, आणि नवरा-नवरीच्या फोटोचा खालचा अर्धा भाग राखाडी झाला. तसं मशीन वेगात चालतं, कारण दिवाळीत भावाने आठ जीबीची आणखी एक रॅम बसवून दिली होती. ऐन लग्नसराईत पंधरा हजार घालू का?"

ताई,

पंधरा हजार तूर्त कपाटातच राहू द्या. आज संध्याकाळी एवढंच करा: मशीन बंद करून भावाने बसवलेली रॅम काढा आणि जुन्या आठ जीबीवर काम चालवा. थोडं संथ वाटेल, वाटू द्या.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलीत. मी दुकान चालवायचो तेव्हाही हेच व्हायचं. गिऱ्हाईक पंधरा मिनिटं व्हायरसबद्दल बोलणार आणि पायऱ्या उतरता उतरता म्हणणार, "हां, पोराने मध्ये एक रॅम टाकलीय बरं का." दिवाळीत टाकलेली रॅम मार्चपासून त्रास देते म्हणजे संबंध नाही, असं वाटणं साहजिक आहे. पण मार्चमध्ये मिरजेत काय सुरू होतं? ऊन. त्याकडे येतोच.

दर वेळी संदेश वेगळा येतो, ही तुमची तक्रार माझ्या दृष्टीने पुरावा आहे. ड्रायव्हर (प्रिंटर, स्क्रीन वगैरे चालवणारा छोटा प्रोग्रॅम) बिघडला असेल तर निळ्या पडद्यावर बहुतेक वेळा तेच ते नाव परत परत येतं. रॅम बिघडली की एकदा 'मेमरी मॅनेजमेंट', एकदा 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया', एकदा 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल', आणि कधी संदेशच नाही, नुसतं कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) मिटून डेस्कटॉप समोर. कारण खराब जागा एकच असली तरी त्या जागेवर त्या क्षणी कोण बसलंय ते दर वेळी बदलतं. आज तिथे प्रिंटरचा ड्रायव्हर, उद्या ब्राउझर, परवा तुमची पत्रिका. जो बसला तो पडला, आणि नाव त्याचं लागलं.

टेक्निशियनने तुम्हाला ईव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडून 'कर्नल पॉवर ४१' दाखवलं असेल तर त्यावरही जाऊ नका. नावात पॉवर आहे म्हणून पुष्कळ जण थेट एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) बदलायला निघतात. ती नोंद एवढंच सांगते की मागच्या वेळी मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं होतं. ते तर तुम्हालाही माहीत आहे.

आता फॉरमॅटनंतर आठवडाभर बरं का चाललं? नव्या विंडोजवर प्रोग्रॅम मोजके, दहा फायली एकदम उघडलेल्या नाहीत, रॅम निम्मीसुद्धा भरत नाही. खराब जागेवर पाय पडण्याचा योगच कमी. काम वाढलं की योग जुळून येतो. शिवाय खराब रॅम आत असताना फॉरमॅट मारणं मला अजिबात पसंत नाही. नव्या विंडोजच्या सगळ्या फायली डिस्कवर जाताना त्याच रॅममधून जातात, त्यामुळे ती पहिल्या दिवसापासून किडकी निघू शकते.

रॅममध्ये नेमकं होतं काय, ते तुमच्याच धंद्यातल्या अक्षरावर दाखवतो. रॅमच्या एका घरात एक बिट असतो, म्हणजे शून्य किंवा एक. हे घर म्हणजे एक इवलासा कपॅसिटर आणि त्याला एक ट्रान्झिस्टर. चार्ज आहे की नाही, यावर शून्य-एक ठरतं. हा चार्ज सतत गळत असतो, म्हणून प्रत्येक घर साधारण दर ६४ मिलिसेकंदांत पुन्हा भरावं लागतं. १६ जीबीत अशी तेरा हजार सातशे कोटींहून जास्त घरं आहेत. त्यातलं एक घर इतरांपेक्षा लवकर गळायला लागलं की झालं. युनिकोडमध्ये 'ग' या अक्षराचा क्रमांक २३२७. शून्य-एकच्या भाषेत १००१०००१०१११. 'क'चा क्रमांक २३२५, म्हणजे १००१०००१०१०१. दोन्ही ओळी एकाखाली एक लिहून बघा, फरक फक्त शेवटून दुसऱ्या आकड्याचा आहे. तेवढा एक बिट गळाला की 'श्री गणेशाय नमः'चं 'श्री कणेशाय नमः' होतं. कुठलाही संदेश नाही, निळा पडदा नाही. हाच बिट फोटोच्या फायलीत गळाला तर पुढचा भाग वाचता येत नाही आणि तिथून खाली राखाडी पट्टा दिसतो. पीडीएफमध्ये मोक्याच्या जागी गळाला तर ती उघडतच नाही.

म्हणून तुमच्या पत्रातला निळा पडदा मला तितका भीतीचा वाटत नाही. मशीन बंद पडतं तेव्हा निदान कळतं तरी. न पडता फायली बिघडवतं, ते जास्त वाईट. दिवाळीनंतर या मशीनवर सेव्ह झालेली प्रत्येक फाइल संशयित समजा. कोरल स्वतःहून 'बॅकअप ऑफ' नावाची जी फाइल ठेवतं तीही त्यात आली. आणि कृपा करून घाबरून जाऊन आत्ताच सगळा डेटा एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी करू नका. कॉपीसुद्धा रॅममधूनच जाते. दिवाळीआधीचा काही बॅकअप असेल तर त्याच्यावर नवा टाकू नका, तो तसाच बाजूला ठेवा. आधी रॅम काढा, उरलेली तपासा, मग कॉपी.

आता कॅबिनेट. मेन स्विच बंद, मागची पॉवर केबल उपटून काढा आणि मग समोरचं बटण पाच-सात सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला करंट निघून जाईल. कॅबिनेट टेबलावर आडवं करा. सतरंजीवर बसून, सिंथेटिक साडी नेसून हे काम करू नका. सुरुवातीला आणि अधूनमधून आतल्या उघड्या पत्र्याला हात लावत जा, अंगातली स्टॅटिक तिथे उतरते. प्रोसेसरच्या पंख्याशेजारी रॅमच्या उभ्या दोन पट्ट्या दिसतील. हात लावण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. स्लॉटची क्लिप बाहेर ढकलली की पट्टी वर येते. कडांना धरायची, सोनेरी दातांना बोट लागू द्यायचं नाही. दोन्ही पट्ट्यांना कागदी टेपचा तुकडा लावून 'जुनी' आणि 'भाऊ' असं लिहा. पाचव्या अदलाबदलीनंतर कुठली कुठली ते आठवत नाही, मलाही नाही.

हातात आलीच आहे तर दात साफ करून घ्या. शाळेच्या पेन्सिलीचा पांढरा मऊ खोडरबर घ्या, दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने एकदा फिरवा आणि भुगा स्लॉटपासून लांब झटका. खोडरबराने सोन्याचा मुलामा झिजतो असं काही जण म्हणतात. खरं आहे, दर महिन्याला घासलात तर झिजेल. वर्षातून एकदा चालतं. मी दुकानात ज्या 'मेलेल्या' पट्ट्या परत उठवल्या त्यातल्या कितीतरी नुसत्या मळलेल्या होत्या. कोकणातून आलेल्या मशीनवर तर आधी खोडरबर, मग बाकीचं. बसवताना खाच जुळवून दोन्ही टोकांवर अंगठ्याने सरळ दाबा. 'टक्' आवाज यायला हवा. स्क्रीन काळीच राहिली किंवा पीप-पीप वाजलं तर घाबरू नका, पट्टी पुरती बसलेली नाही. काढून परत दाबा.

तपासणी रात्रीवर सोडा. विंडोजमध्येच एक साधन आहे. स्टार्टमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' शोधा, रीस्टार्ट होऊन निळ्या पडद्यावर चाचणी सुरू होईल (हा निळा पडदा चांगला). तिथे एफ१ दाबून 'एक्स्टेंडेड' निवडायचं आणि एफ१० दाबायचं. नुसती साधी चाचणी फारच वरवरची आहे. त्याहून माझा भरवसा 'मेमटेस्ट८६ प्लस'वर. फुकट आहे, पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरून मशीन सुरू करायचं. पेन ड्राइव्ह बनवायचं काम टेक्निशियनला सांगा, दहा मिनिटांचं आहे. पेन ड्राइव्हवरून सुरूच झालं नाही तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) 'सिक्युअर बूट' तात्पुरतं बंद करावं लागतं. चाचणी आपण थांबवेपर्यंत चालूच राहते, पूर्ण फेरी झाली की 'पास'चा आकडा एकाने वाढतो. एकही लाल ओळ आली तर ती रॅम नापास. "एकच तर एरर आहे" हा युक्तिवाद इथे चालत नाही.

उलट बाजू मात्र तितकी पक्की नाही. चाचणीत काही सापडलं नाही म्हणजे रॅम निर्दोष सुटली असं नव्हे. हे मी स्वतःची फजिती करून शिकलो. एका तालुक्याच्या गावच्या शाळामास्तरांचं मशीन माझ्याकडे तीनदा आलं. तिन्ही वेळा मी रात्रभर चाचणी लावली, सकाळी सगळं हिरवं. तिन्ही वेळा फॉरमॅट मारून परत पाठवलं आणि पैसेही घेतले. चौथ्यांदा मास्तरांनी मशीन आणलं नाही, मलाच घरी बोलावलं. चैत्राची दुपार, वर पत्रा, कॅबिनेट लाकडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात कोंबलेलं, मागे भिंत. तिथेच चाचणी लावली. मास्तरांच्या घरचं पन्हं पिऊन होईतो पडदा लाल ओळींनी भरला. माझ्या दुकानात एसी होता, शिवाय मी चाचणी रात्री लावत होतो. रॅमच्या घरातला चार्ज उष्णतेने जास्त वेगात गळतो. म्हणून तर डीडीआर४ (रॅमची एक पिढी) चिपला ८५ अंश सेल्सिअसच्या वर ६४ऐवजी ३२ मिलिसेकंदांत भरणं ठरवून दिलंय. काठावर पास असलेलं घर थंडीत निभावतं आणि उन्हाळ्यात उताणं पडतं. मास्तरांचे तिन्ही फॉरमॅटचे पैसे मी परत केले, नवीन पट्टी वर.

म्हणून तुमची चाचणी तुमच्याच खोलीत, झाकण लावून, एकदा रात्री आणि एकदा भर दुपारी करा. दुपारी तीनदा पडतं असं तुम्हीच लिहिलंय.

आणि चाचणी नुसती दोन्ही पट्ट्या ठेवून करू नका, खरी गंमत अदलाबदलीत आहे. आधी 'जुनी' एकटी. मग त्याच स्लॉटमध्ये 'भाऊ' एकटी. एरर 'भाऊ'वर आली की तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून परत लावा. एरर पट्टीच्या मागे दुसऱ्या स्लॉटमध्येही गेली तर दोष पट्टीचा. एरर एकाच स्लॉटमध्ये राहिली, पट्टी कुठलीही घाला, तर दोष स्लॉटचा किंवा प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरचा. फक्त याच वेळी तुमच्या टेक्निशियनचं मदरबोर्डाचं म्हणणं विचारात घ्यायचं. तेव्हाही आधी स्लॉटमध्ये धूळ, खोडरबराचा भुगा, वाकलेली पिन आहे का ते टॉर्चने बघायचं.

तिसरी शक्यता मला तुमच्या बाबतीत बरीच दाट वाटते. दोन्ही एकेकट्या पास, जोडीने नापास. कुंडल्या जुळत नाहीत म्हणा ना. साडेचार वर्षांपूर्वीची पट्टी आणि दिवाळीतली पट्टी, दोन्हींवर वेगाचा ३२०० हा आकडा छापलेला असला तरी आतल्या चिपा वेगळ्या, वेळेची गणितं वेगळी. त्यात बायोसमध्ये 'एक्सएमपी' चालू असेल तर तो छापील वेग ओव्हरक्लॉकिंगचा, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त पळवण्याचा असू शकतो. डीडीआर४चं नेहमीचं व्होल्टेज १.२, एक्सएमपीत पुष्कळदा १.३५ देऊन पट्टीला पळवतात. एकटी पळते, जोडीने धापा टाकते. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी बंद करा, वेग २६६६ किंवा २४०० वर उतरेल, आणि मग जोडीची चाचणी परत लावा. पास झाली तर तशीच चालू द्या. लग्नपत्रिकेच्या कामात तो वेगातला फरक तुमच्या लक्षातही येणार नाही. गेम खेळणाऱ्याला सांगितलं असतं तर त्याने वाद घातला असता.

"रॅम कधी खराब होत नसते हो" असं टेक्निशियन म्हणेल. हे वाक्य मी बाजारात हजारदा ऐकलंय. गूगलच्या सर्व्हरमधल्या रॅमचा अडीच वर्षं अभ्यास करून २००९ मध्ये शोधनिबंध निघाला. त्यात दर वर्षी शंभरातल्या आठाहून जास्त पट्ट्यांमध्ये निदान एक तरी चूक नोंदली गेली होती. तिथे चुका पकडून दुरुस्त करणारी ईसीसी रॅम असते म्हणून त्या मोजता आल्या. तुमच्या-माझ्या मशीनमध्ये ती सोय नाही, चूक झाली की झाली. आणि यात फसायला टेक्निशियन कच्चाच असावा लागतो असंही नाही. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचं मशीन ऑक्टोबर २०२२ मध्ये असंच वाटेल तिथे एरर द्यायला लागलं. ६.१ आवृत्तीत नवा कोड घ्यायचे ऐन घाईचे दिवस, त्यांना पहिला संशय आला तो त्या नव्या कोडवर. निघाली रॅमची एक पट्टी. नवी ईसीसी रॅम येईपर्यंत त्यांनी लॅपटॉपवर काम रेटलं.

दोन्ही पट्ट्या सगळीकडे, दुपारीसुद्धा, पास झाल्या तर मात्र नजर दुसरीकडे वळवा. प्रोसेसरच्या पंख्यातली धूळ आणि वाळलेली थर्मल पेस्ट आधी, एसएमपीएस नंतर. ओळखीच्या कोणाचा चालता एसएमपीएस दोन दिवस लावून बघायचा, विकत घेऊन नाही. डिस्कची तब्येतही बघून घ्या. यावर सध्या जास्त लिहीत नाही, कारण तिथवर वेळ येईल असं मला वाटत नाही.

पट्टी नापास झाली तर फेकू नका. रॅमवर बहुतेक कंपन्या बऱ्याच वर्षांची वॉरंटी देतात, काहींची तर ते मॉडेल बाजारात आहे तोवरची. दिवाळीत घेतलेली असेल तर भावाला बिल शोधायला लावा. पट्टीवरचं स्टिकर खरवडू नका, त्यावरच्या सीरियल नंबराशिवाय सर्व्हिस सेंटर दारात उभं करत नाही. मेमटेस्टच्या लाल ओळींचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव जगभर कडाडलेत, तेव्हा हा खटाटोप आता खरंच परवडतो. नवीन घ्यायचीच झाली तर पुन्हा एक सुटी आठची आणून जुनीशी संसार थाटू नका. एकच सोळाची घ्या, किंवा एकाच पाकिटातली आठ-आठची जोडी. सेकंडहँड घ्यायला पुण्या-मुंबईला कोणाला पाठवणार असाल तर 'चालू आहे' या शब्दावर घेऊ नका. रात्रभर चाचणी करून परत देण्याची मुभा असेल तरच.

टेक्निशियनशी भांडू नका. दोन फॉरमॅटचे हजार रुपये गेले ते गेले. कुठली पट्टी, कुठला स्लॉट, दिवस की रात्र आणि किती एरर, असा तक्ता वहीच्या कागदावर करून त्याच्या हातात द्या. पुढचं मशीन आलं की तो स्वतःच आधी रॅम काढेल.

लग्नसराईचं काम थांबवायची गरज नाही. 'जुनी' एकटी आज रात्री आणि उद्या दुपारी पास झाली की परवापासून तिच्यावर निर्धास्त काम घ्या. प्रेसला द्यायची प्रत्येक पीडीएफ आधी स्वतःच्या मोबाइलवर उघडून बघा. राखाडी पट्टा आलेला फोटो त्या घरच्यांकडून परत मागवून घ्या. त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये अजून असेल, पण 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर छापायला धूसर निघेल.